वाळवेलीच्या मेंढ्या

मेंढ्या आत शिरल्या तेव्हा फाटकावरचे ते दोन लोखंडी खांब गप्प होते. बाहेर निघाल्या तेव्हा मात्र खांब असे केकाटले, की पुढचा एडका जागीच फिरला आणि सगळी खांड मागं वळून एकमेकींच्या अंगावर चढली.

म्हाकू कोळेकर काठीवर रेलून हसला. "बायडे, जाताना वाजंत्री लावलीया बघ आपल्यास्नी."

बायडाबाई फाटकाबाहेर घोडी धरून उभी होती. घोडीच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड लादलेलं होतं. पाल, भांडी, पिठाचा डबा आणि वर टोपलीत नुकती जन्मलेली कोकरं. नवऱ्याचं हसणं तिला रुचलं नाही.

"वाजंत्री न्हाई ही," ती म्हणाली. "त्या बोडकेसायबाचं त्वांड बघा जरा."

प्रसन्न बोडके त्या जागेचा सुपरवायझर. केबिनमधून धावत येऊन त्यानं भोंगा बंद केला. किरणं ओळखणाऱ्या त्या खांबांकडं पाहिलं, मेंढ्यांकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

"तात्या, मेंढ्या परत आत घ्या. एकही बाहेर नको."

"आरं, जायाचं ठरलं म्हणून तर निघालो."

"घ्या म्हणतो ना, तात्या. पाया पडतो तुमच्या."

सुळकेवाडीच्या माळावरचं ते मैदान कचऱ्याचं होतं, पण नेहमीच्या कचऱ्याचं नव्हतं. बंद झालेल्या एका अणुवीजघराचा राडारोडा, दवाखान्यांतले हातमोजे, गाळण्या, किरणं लागलेली माती असा कमी तीव्रतेचा किरणोत्सारी कचरा तिथं येत असे. माणसाला आडवं करणारा जहाल कचरा वेगळा. तो काँक्रीटच्या पोटात दूर कुठं ठेवतात. हा त्याचा दुबळा भाऊ. खाली चिकणमातीचा जाड थर दिलेला, आणि त्यावर हा कचरा साध्या मातीत भरपूर कालवून पसरलेला. मूठभर मीठ तळ्यात टाकलं तर तळं खारट होत नाही, तसला तो हिशेब. भीती एवढीच, की पावसाचं पाणी त्यातून झिरपून विहिरींना लागू नये.

त्यासाठी शास्त्रज्ञांनी एक गवत तयार केलं होतं. मुळं वाळ्याची, खोल जाणारी. पान मारवेलीचं, रुंद आणि रसाळ. गावानं त्याला वाळवेल म्हणायला सुरुवात केली आणि मग सरकारी पाटीवरही तेच नाव आलं. वाळवेल पावसाचं पाणी खाली जाण्याआधीच पिऊन टाकी. त्याच पाण्याबरोबर ती मातीतलं सीझियमही वर ओढी. सीझियम म्हणजे पोटॅशियमचा तोतया. गवताला वाटतं खतच आलं, म्हणून ते त्याला घरात घेतं आणि पानात जपून ठेवतं. वर्षातून दोनदा हे गवत कापायचं, बंद भट्टीत जाळायचं आणि राख डब्यात सील करायची. माळाची अशी धुलाई सुरू होती आणि नातवंडांच्या काळात माळ पुन्हा माळ होणार होता.

यंदा मात्र पश्चिमेच्या उतारावर वाळवेल धरेना. बोडके शेतकऱ्याचा मुलगा. नापीक तुकड्याला काय करायचं हे त्याला पुस्तकात बघायची गरज वाटली नाही. बाप करत होता तेच त्यानं केलं. माळावरनं चाललेल्या म्हाकू धनगराला हाक मारली आणि म्हणाला, "तात्या, थोड्या रात्री मेंढ्या बसवा की इथं."

मेंढ्या बसवणं ही आपल्याकडची जुनी रीत. रिकाम्या रानात जाळीची वाघूर ताणायची, रात्री खांड आत कोंडायची. सकाळी रानाला लेंडी-मुताचं खत मिळतं, धनगराला धान्य मिळतं. बोडक्यानं फक्त उघडा उतार दाखवला होता. पण वैशाखात साऱ्या माळावर हिरवं म्हणून तेवढंच होतं. दिवसा मेंढ्या वाळवेलीत शिरल्या. बोडक्यानं बघितलं आणि त्याला वाटलं, बरंच झालं, कापणीचं काम वाचलं. दोन-तीन आठवडे खांड तिथं राहिली आणि अंगानं भरली. म्हाकू रोज संध्याकाळी एडक्याच्या पाठीवर थाप मारून म्हणे, "असला चारा कोकणातबी न्हाई."

*

रेवती गोगावले ही किरणसुरक्षा अधिकारी दुसऱ्या दिवशी आली. पस्तिशीची, उन्हानं रापलेली बाई. गाडीतून उतरल्यावर ती आधी बोडक्यावर ओरडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिनं एक मेंढी धरायला सांगितली आणि हातातलं नळकांडं तिच्या मागच्या मांडीला लावून गप्प उभी राहिली.

म्हाकूनं थोडा वेळ बघितलं. "मॅडम, तिच्या ढुंगणात काय ऐकतासा?"

"तिथं मांस जास्त असतं, मामा. सीझियम मांसात जाऊन बसतं."

"मग? काय म्हणतंय?"

रेवतीनं आकडा पाहिला आणि पुढची मेंढी मागितली. सगळी खांड होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मग ती बाभळीच्या सावलीत बसली, आणि बायडाबाईनं दिलेलं पाणी प्यायली. चहा मात्र तिनं नको म्हटला. चहात दूध मेंढीचं होतं.

"मी सरळ सांगते," ती म्हणाली. "या जागेचा परवाना देताना आम्ही सगळं धरलं होतं. उद्या कुणी इथं घर बांधलं तर काय, विहीर खणली तर काय, पोरानं माती खाल्ली तर काय. सगळ्याची उत्तरं काढली. मातीत हे सगळं इतकं पातळ आहे, की कुणाला काही होत नाही. पण गवत ते पातळ ठेवत नाही. गोळा करतं. आणि मेंढी गवताचं गोळा केलेलं पुन्हा गोळा करते. हिशेबात मेंढी नव्हती."

"मेंढ्या मरत्याल?" म्हाकूनं विचारलं.

"नाही. त्यांना काही कळणारही नाही. त्यांच्याजवळ बसलात, झोपलात, तरी काही होत नाही. खायचं मात्र नाही. मांस नाही, दूध नाही."

तिनं नळकांडं बायडाबाईच्या मांडीलाही लावलं. बायडाबाई ताठ उभी राहिली, देवीपुढं उभी राहावी तशी.

"तुमच्याही अंगात थोडं आहे. दुधातून आलं. काळजी नको, ते आपोआप जाईल. मेंढीचं लवकर जातं. चांगल्या चाऱ्यावर दोन-तीन आठवड्यांत निम्मं, मग उरलेल्याचं निम्मं. माणसाला जरा जास्त वेळ लागतो."

बायडाबाईच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, ती तिनं आता बोलून टाकली.

"माझी ल्येक यायचीया. पयलं बाळतपण. या आमुशाला तिचा नवरा आणून सोडणाराय वाड्यावर, आमच्या तळावर."

रेवतीनं पेला खाली ठेवला. "तिला काय काय द्याल तुम्ही, मावशी?"

"काय म्हंजे? मेंढीचं दूध. पोटाला शेक. लेंड्यांच्या इस्तवाची शेगडी खाटंखाली. पोराला पयल्या दिवशी लोकरीत गुंडाळत्यात, आमच्यात पद्धत हाय. मग वाराबाराचं मटण, रस्सा." बोलता बोलता ती थांबली. शेगडीचा धूर, दूध, लोकर, रस्सा. मेंढीवाचून जगात तिच्याकडं लेकीला द्यायला काहीच नव्हतं, हे तिला आजवर कधी असं मोजून कळलं नव्हतं.

रेवती म्हणाली, "लेंडीत तर सगळ्यात जास्त उतरतं. जाळली की राखेत आणि धुरात. बाळंतिणीला आणि तान्ह्याला इथं नाही राहता येणार, मावशी."

जिल्ह्याहून हुकूम दोन दिवसांत आला. मेंढ्या मारून त्याच मैदानात पुराव्यात, धनगराला भरपाई द्यावी. रेवतीनं फोनवर वाद घालून त्यात एक पळवाट काढून घेतली. सह्याद्रीच्या अंगाला वनखात्याचं एक पठार होतं, तिथं खांड नेता येईल. रोज निळी औषधी पूड चाऱ्यातून द्यायची. ती पोटातल्या सीझियमला धरून ठेवते आणि लेंडीवाटे बाहेर काढते. लेंडी ताडपत्रीवर गोळा करायची, पोत्यात भरायची, गाडी येऊन नेईल. खांड साफ होईपर्यंत गर्भार बाई, लहान मूल वाड्यावर येऊ द्यायचं नाही. विकायचं काही नाही.

"किती दिस?" म्हाकूनं विचारलं.

"तिच्या बाळंतपणाच्या पुढं जाईल," रेवती बायडाबाईकडं न बघता म्हणाली.

*

लेकीचा, अहिल्याचा, फोन दुपारी आला. बातम्यांत किरणांच्या मेंढ्या म्हणून खांड दाखवली होती, आणि सासूनं ती जेवताना पाहिली होती.

"आये, आबा बराय का?"

"बराय. मेंढ्याबी बऱ्या हायत. फकस्त..." बायडाबाईनं सगळं सांगितलं. जमेल तसं सांगितलं, तोतयाचं, निळ्या पुडीचं.

फोनमधून मिक्सरचा आवाज आला. विट्याला, तिच्या सासरच्या घरात, कुणीतरी काहीतरी वाटत होतं.

"म्हणजे मी यायचं नाही."

"येऊ नगं, बाई."

"मग तू ये इकडं. सासूबाईंना मी सांगते. माझ्याजवळ बस."

बायडाबाईनं खांडीकडं पाहिलं. खांडीमागं एक माणूस लागतं आणि कोकरांमागं एक. वाड्यातली दुसरी बिऱ्हाडं माळाच्या पलीकडं उतरली होती, ती बातमी ऐकून आदल्या दिवशीच दुसऱ्या वाटेनं निघून गेली होती. किरणांच्या मेंढ्यांबरोबर चालायला भाऊबंद तयार नव्हते, तर गडी कोण मिळणार? ती विट्याला गेली तर म्हाकू एकटा खांड घेऊन पठारावर जाऊ शकत नव्हता.

"आबा एकला हाय, अहिले."

"व्हय. आबा एकटा, मेंढ्या एकट्या." अहिल्याचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं. "मला आश्रमशाळेत टाकलंत तेव्हा मी सहा वर्षांची होते. तेव्हाही मेंढ्याच निघाल्या होत्या. मी फाटकाला धरून उभी, आणि तू घोडीमागं. एकदा तरी वळून बघशील असं वाटलं होतं."

"वळले असते तर गेले नसते, पोरी."

"आताही नको वळूस," अहिल्या म्हणाली आणि फोन ठेवला.

बायडाबाई बसल्या जागी बसून राहिली. लेक शाळेत गेल्यापासून ती तिला वर्षातून दोन-चारदा दिसली होती, दरवेळी बोटभर उंच आणि वीतभर लांब. तिला सुट्टी लागे तेव्हा वाडा दूर कोकणात असे. लग्न झालं तेही देवळातल्या मांडवात, आणि तिसऱ्या दिवशी खांड चाऱ्याला निघाली. आईच्या हक्काचा काळ एकच उरला होता, पहिल्या बाळंतपणाचा. तो लेकीनं आपण होऊन मागितला होता. सासर पक्क्या घरात, दारात दवाखाना, आणि पोरगी म्हणाली होती, "मला वाड्यावरच यायचंय." ते ऐकल्यापासून बायडाबाई रोज चालताना मनातल्या मनात पाल कुठं, खाट कुठं, आडोसा कुठं हे मांडत आली होती.

सकाळी तिनं भाकरी थापता थापता सांगून टाकलं, "त्येंच्या खड्ड्यात जाऊ द्या मेंढ्या. मी इट्याला जाते."

म्हाकूनं भाकरी मोडली. खाल्ली. पाणी प्यायला. मग उठून खांडीत गेला आणि म्होरक्या एडक्याच्या गळ्यातली घंटा सोडवायला लागला.

"ते कशाला आता?" तिनं विचारलं.

"मातीत घंटा कशाला घालवायची," तो म्हणाला. "मेंढी ती मेंढी, लोखंड ते लोखंड."

तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो एकेकीचा गळा चाचपत पुढं जात राहिला. प्रत्येक मेंढी त्याच्या हाताला मीठ असेल म्हणून चाटून बघत होती.

*

खड्डा खणायला यंत्र आलं त्या दिवशी फाटकाबाहेर एक डेअरीची गाडी थांबली. दारातून आधी हात आले, मग पोट आलं, मग अहिल्या उतरली. मागं जावई ऋतुराज पाण्याची बाटली घेऊन.

बायडाबाई धावत सुटली आणि फाटकापाशी येऊन एकदम थांबली. "आत येऊ नगं."

"येऊ द्या, मावशी," रेवती मागून म्हणाली. "अर्धा तास उभी राहिली तर काही होत नाही. फार तर विमानात बसल्यावर आकाशातली किरणं लागतात तितकं. तितकंही नाही."

"ठावं हाय मला. तरी नगं."

मग मायलेकी फाटकाच्या दोन अंगांना उभ्या राहिल्या. ऋतुराजनं सासूला लांबूनच नमस्कार घातला, आणि गाडीतली घडीची खुर्ची आणून बायकोला बसवलं.

"ते यंत्र कशाला आलंय?" अहिल्यानं विचारलं.

"मेंढ्या देऊन टाकतूया. मी येते तुझ्याकडं. आज सांजंलाच येते, तू हायस तर तुज्याच गाडीतनं."

अहिल्या यंत्राकडं बघत राहिली. त्याची सोंड एकदा खाली गेली, लाल माती घेऊन वर आली. मग तिनं खांडीकडं पाहिलं. घंटा नसलेली खांड. इतक्या मेंढ्या हलत होत्या आणि आवाज फक्त खुरांचा.

"आबा कुठाय?"

"असंल तिकडं. बोलत न्हाई तीन दिस."

"तू मला रागानं बोललेलं मनावर घेतलंस होय?"

"मनावर न्हाई तर कशावर घेऊ?"

"आये, मी रागावलेच होते. अजून हाय राग. तो वेगळा." तिनं पोटावर हात ठेवला. "पण तू मेंढ्या पुरून आलीस, तर माझ्या स्वयंपाकघरात बसशील आणि रोज पहाटं उठून दाराकडं बघशील. मी हॉस्टेलात तशीच बघायची. मला ते बघायचं न्हाई परत."

"बाळतपण एकदाच असतंया, अहिले. पयलं."

"बाळंतपण महिन्याचं. माहेर जन्माचं." ती अर्धवट हसली. "उद्या पोरगी झाली, मला म्हणाली आजोळ दाखव, तर काय दाखवू? हा खड्डा? पाटी लावतील बघ त्यावर, इथं विहीर खणू नये. तसलं आजोळ नको मला. मेंढ्या घेऊन जा. धुऊन आण. मग मी येते."

"तू एकली..."

"एकटी कुठली? सासू हाय. चांगलीय, जरा बोलती जास्त." ऋतुराज खाकरला. "ह्यांच्यासमोर सांगितलं, आता घरी जाऊन सांगतील."

"मी काय सांगत नाही," ऋतुराज म्हणाला.

रेवतीनं यंत्र चालवणाऱ्याला हात केला. यंत्र थांबलं. तेवढ्यात म्हाकू खांडीच्या पलीकडून आला, फाटकाशी उभा राहिला आणि लेकीला म्हणाला, "लई वाळली गं." आठ महिन्यांच्या गर्भार पोरीला केलेलं हे बोलणं ऐकून सगळेच हसले, आणि हसता हसता बायडाबाईला रडू आलं. लेक दोन हातांवर होती, पण ती फाटक उघडून गेली नाही. नळकांड्यानं तिच्या अंगात मोजलेलं ते थोडंसं तिला त्या वेळी डोंगराएवढं वाटत होतं.

*

पठारावर कारवीची झुडपं होती, झरा होता, आणि माणूस नव्हतं. वाटेत कुठल्याही गावानं रानात मेंढ्या बसवून घेतल्या नाहीत. ज्यांनी दरवर्षी हाका मारून थांबवलं, ते शेतकरी बांधावर काठी घेऊन उभे होते. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "तुझा दोष न्हाई, म्हाकू. पर माज्या नातवाची भीती वाटती." म्हाकू म्हणाला, "माझ्याबी नातवाचीच वाटतीया," आणि पुढं चालू लागला.

निळी पूड चाऱ्यात मिसळली की मेंढ्यांची तोंडं निळी होत. म्हाकू म्हणे, आमच्या मेंढ्या नीळ घालून धुतल्यात. बायडाबाई सकाळ-संध्याकाळ ताडपत्री झाडे. लेंडी हे धनगराचं सोनं, जन्मभर ती रानात पडलेली पाहून तिला समाधान वाटत आलं होतं. आता तीच हातमोजे घालून पोत्यात भरताना तिचा हात अडखळे. दूध काढून मातीत ओतावं लागे. पहिल्या दिवशी तिनं ते ओतलं आणि वर थोडी माती लोटली, मेलेल्यावर लोटतात तशी.

रेवती मधूनमधून येई आणि मेंढ्यांच्या मांड्या ऐके. आकडे उतरत होते. सुरुवातीला भराभर, मग सावकाश. काही मेंढ्या हट्टी होत्या. "एवढं कसं धरून ठेवलंय हिनं?" रेवती वैतागे. बायडाबाईला त्या हट्टी मेंढ्यांचा राग येत नसे. धरून ठेवणं काय असतं ते तिला माहीत होतं.

संध्याकाळी ती पठाराच्या कड्यावर जाऊन उभी राही. तिथंच फोनला रेंज होती. पूर्वेकडं, डोंगरांच्या मागं कुठंतरी विटा होतं. अहिल्या रोज बोलत नसे. बोलली तर सासूच्या डिंकलाडवांबद्दल बोले, पाय सुजल्याचं सांगे. मध्येच गप्प होई आणि म्हणे, "आये, मेंढ्यांचा आवाज ऐकव की." बायडाबाई फोन खांडीकडं धरून उभी राही, हात अवघडेपर्यंत.

कळा सुरू झाल्याचा फोन आला तेव्हा तिथंच, कड्याजवळ, एक मेंढी अडली होती. पिल्लू आडवं आलं होतं. बायडाबाईचा एक हात मेंढीच्या पोटात, आणि म्हाकूनं फोन तिच्या कानाला धरलेला.

"आये," अहिल्या धापा टाकत म्हणाली, "काय करू?"

"दवाखान्यात हायस न्हवं? डॉक्टरीण म्हणंल तसं कर."

"ती म्हणती जोर दे. तू सांग."

"मग दे जोर. मी हितं हाय. थांब, थांब, आता नगं... आता दे."

कुणाला सांगत होती कोण जाणे. दोघींनाही लागू पडलं. कोकरू पायांवर उभं राहायच्या आधी पलीकडून एक बारीक रडणं आलं, आणि मग सासूबाईंचा मोठा आवाज आला, "विहीणबाई, मुलगी आहे हो, तुमच्यासारखीच काळी." म्हाकूनं फोन स्वतःच्या कानाला लावला, ते रडणं ऐकलं आणि परत तिला दिला. बायडाबाईचा हात कोपरापर्यंत भरलेला होता. तिनं तो झऱ्यावर धुतला, पुन्हा पुन्हा धुतला, आणि कुणाला हात लावायचा नव्हता तरी पदराला पुसून कोरडा करून ठेवला.

*

शेवटची हट्टी मेंढी साफ झाली तेव्हा कारवीची पानं पिवळी पडायला लागली होती. रेवतीनं बायडाबाईलाही मोजलं. "तुमच्यात आणि माझ्यात आता काही फरक नाही, मावशी." तिनं पहिल्यांदाच वाड्यावरचा चहा मागितला आणि दोन कप प्यायली.

अहिल्या पुढच्या आठवड्यात आली. सासरच्या डेअरीच्या गाडीनं तिला पायथ्याच्या रस्त्यावर सोडलं. दिवस मावळायच्या आत परत न्यायला ये, असं सासऱ्यांनी ड्रायव्हरला बजावून पाठवलं होतं. म्हाकूनं वाटेत जाऊन पिशव्या घेतल्या. पोर मात्र अहिल्यानं कुणाला दिली नाही, चढ स्वतः चढली.

बायडाबाईनं पालापुढं घोंगडं अंथरलं होतं आणि वाटीभर दूध तापवून ठेवलं होतं. त्या वाटीत तिचे सगळे महिने होते. अहिल्या टेकली, पोरीला मांडीवर घेतलं, वाटी हातात घेतली. ओठांपर्यंत नेली आणि थांबली.

"मशीननं बघितलंय ना, आये?"

"बघितलंया. मॅडमनं स्वतः चहा पिला."

"व्हय. सांगितलं त्यांनी मला फोनवर." अहिल्यानं वाटीत पाहिलं, मग पोरीकडं पाहिलं. पोर अंगावर पीत होती. आई पिईल ते पोरीला जाणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. अहिल्याचे डोळे भरून आले. "मला खरं वाटतंय. डोक्याला वाटतंय. हाताला वाटंना."

बायडाबाईनं तिच्या हातातून वाटी काढून घेतली आणि स्वतः एका दमात पिऊन टाकली. "पुढच्या येळंला पी. मेंढी काय कुठं जात न्हाई."

"रागावलीस?"

"मी फाटक उघडलं नव्हतं तवा तू रागावलीस का?"

अहिल्यानं नाही म्हणून डोकं हलवलं, आणि पोर झोपल्यावर ती उचलून आईच्या हातांत दिली. पोरीच्या अंगाला पावडरीचा वास होता. बायडाबाईला तो परका वाटला. ती तिच्या टाळूला नाक लावून बराच वेळ वास घेत राहिली. कुठंतरी खाली, पावडरीच्या तळाशी, अहिल्याचा वास लागला. सहा वर्षांच्या, फाटकाला धरून उभ्या असलेल्या अहिल्याचा. मग तिनं पोरीला छातीशी घट्ट धरलं.

उन्हं कलली. खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. म्हाकूनं लेकीकडं पाहिलं. अहिल्या घोंगड्यावर आडवी झाली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती.

"आबा, त्याला सांगा, परवा ये."

"सासरा?"

"सासऱ्यांना मी फोन करते."

म्हाकू उड्या मारत उतार उतरला, साठीचा माणूस.

पठारावर संध्याकाळी गारठा पडतो, म्हणून बायडाबाई तान्ह्या कोकरांना पालात निजवायची. आज तिनं ती एकेक उचलून बाहेर आडोशाला न्यायला घेतली. पाल छोटं होतं, आणि लेकीच्या मनात काय येईल ते सांगता येत नव्हतं. दुसरं कोकरू उचललं तेवढ्यात अहिल्यानं हात धरला.

"राहू दे त्याला. थंडी हाय."

"पोर हाय आत."

"पोरीचं काय? मी नव्हते का निजत कोकरांशेजारी?"

तिनं कोकरू आईच्या हातून घेतलं आणि पाठीशी ठेवलं. पुढं पोर, मागं कोकरू, मध्ये ती. कोकरानं दोनदा अंग घुसळून जागा केली. अहिल्याचे डोळे मिटले, आणि थोड्याच वेळात तिचा श्वास असा खोल आणि सैल झाला, की बायडाबाईला तो ओळखू येईना. लेक मोठी झाल्यावर कशी झोपते, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

म्हाकू वर आला, खांड कोंडली का म्हणून विचारायला पालात डोकावला. बायडाबाईनं ओठांवर बोट ठेवून त्याला परत बाहेर घालवलं, आणि दाराशी बसून ती बघत राहिली.